खुंटीवरची टोपी

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

शपथ! आजपासून ओरडणार नाही.

सौ. डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचवीसला नेपानगरचे लोक विमलला पाहायला येतायत. या वेळी तुमचा आवाज चढला तर पोरीला घेऊन मी दापोऱ्याला, भावाकडे. आणायला येऊ नका."

विमलची दोन स्थळं माझ्या रागाने मोडली, असं आमचा सगळा बुधवारा मोहल्ला म्हणतो. खरंच आहे ते. खंडव्याच्या लोकांसमोर चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि मी कप भिंतीवर मारला. दुसऱ्या वेळी ऐन पत्रिका वाचायच्या वेळी चष्मा गायब! मी घर डोक्यावर घेतलं. मुलाचा मामा म्हणाला, "शांत व्हा." त्याला दार दाखवलं. तो चष्मा अजून सापडलेला नाही. जुन्याची काडी दोऱ्याने बांधून हे लिहितोय.

उपाय माझाच. राग आला की टोपी काढायची, खुंटीला अडकवायची. टोपी परत डोक्यावर येईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. सौ. म्हणाली, "बघू."

१४ नोव्हेंबर

शाळेत पहिला प्रयोग. सातवीच्या पोरांनी तापी नदी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडली! टोपी काढली. नकाशाच्या खिळ्याला अडकवली. उभा राहिलो.

वर्ग चिडीचूप. अठरा वर्षं घसा फोडला, अशी शांतता कधी झाली नव्हती! मागच्या बाकावरून हळूच आवाज — "सर को क्या हुआ बे?" पाच मिनिटांनी टोपी घातली आणि तापी खंबायतच्या आखातात परत आणली.

१७ नोव्हेंबर

नवं राज्य होऊन सतरा दिवस झाले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, राग मात्र बुधवाऱ्यातच राहिला. शाळेत परिपत्रक आलं, सगळं हिंदीत. मी तीनदा वाचलं, तीनदा टोपी काढली. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, उकडतंय का?"

घरी येऊन पाहतो तर आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या सरूआत्या माझ्याच पाटावर बसून माझ्याच वाटणीचं लोणचं खातायत. वय ऐंशी, दात दोन, भूक शाबूत. टोपी खुंटीवर. आत्या म्हणाल्या, "काहून रे अनंता, न्हायला चालला का?"

२० नोव्हेंबर

आज खुंटीच उपटून हातात आली.

२१ नोव्हेंबर

नवी खुंटी ठोकली. अंगठाही ठोकला. बोललो नाही! विमल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच बदलताय का?" मी छाती फुगवून हो म्हटलं. मला वाटलं पोर खूष होईल. ती आत निघून गेली.

एक कळलं. राग आत असतो तेव्हा तो रागासारखा वाटतच नाही. आपलं बरोबर आहे, एवढंच वाटतं. टोपी काढून उभं राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खालची भीती दिसते. पोरीचं नीट होईल ना, आपलं हसं होणार नाही ना! हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू! लिहितो.

पाहुणे साडेदहाच्या गाडीने यायचे. नऊ वाजता कोट चढवला, जोडे घालायला गेलो तर जोडे नाहीत! ओसरीवर नाहीत, पलंगाखाली नाहीत. दोन्हीच्या दोन्ही! विमल म्हणाली, "मला काय ठाऊक?" रक्त डोक्यात चढलं. तोंड उघडलं — आणि मिटलं. टोपी खुंटीला. घरात उभा राहिलो तर फुटेन असं वाटलं, म्हणून तसाच अनवाणी बाहेर पडलो, नदीवरच्या राजघाटाच्या दिशेने.

कोपऱ्यावर शेजारच्या रंभाबाई. बोडकं डोकं, अनवाणी पाय, नदीची वाट — त्या काय समजायचं ते समजल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हे राम! सरूआत्या गेल्या का? कव्हा?" डोक्यावर टोपी नाही, मग बोलणार कसं? नियम म्हणजे नियम! रागाने डोळे भरून आलेले. मी फक्त मान खाली घातली.

घाटावर दोन तास बसलो, गाडीची वेळ टळली तेही कळलं नाही. राग पार उतरला. इतका हलका झालो की एका म्हशीला नमस्कार केला. परत येतो तर दारात पन्नास माणसं, सगळी बोडकी! दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून रंभाबाईंनी पिठलं-भात करून आणलेला. आणि सरूआत्या ओसरीवर बसून तो ओरपत होत्या. "माझ्या मरणाचं पिठलं बरं झालंय गं रंभा. मीठ कमी हाय."

पन्नास माणसं हसली. मीही हसणार होतो. तेवढ्यात सौ.ने सांगितलं, रंभाबाईंनी पाहुण्यांचा टांगा कोपऱ्यावरच थांबवला होता. सुतकाच्या घरात मुलगी कोण बघणार? हात जोडून ते तसेच स्टेशनावर परत गेले.

जन्मात पहिल्यांदा राग गिळला आणि तिसरं स्थळ गेलं!

२६ नोव्हेंबर

सौ.ने ट्रंक काढली. "मी ओरडलो नाही," म्हटलं. "तेच तर! रंभाबाईंशी एक शब्द तरी बोलायचा होता," म्हणाली. खूप वाईट वाटलं. ट्रंक रिकामीच ठेवलीय, अजून भरलेली नाही.

नेपानगरला कार्ड टाकलं — आमचे येथे कोणीही वारलेले नाही, कृपया गैरसमज नसावा.

३० नोव्हेंबर

माझं कार्ड पोचायच्या आधीच मुलाचे वडील शालिग्रामराव दुखवट्याला हजर! चेहरा पाडून ओसरीवर बसले. सरूआत्यांनी पाणी आणून दिलं. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" आत्या म्हणाल्या, "मीच वारलेली."

सगळं सांगितलं. टोपी, खुंटी, अंगठा, म्हैस. शालिग्रामराव इतके हसले की टेकायला खांब शोधू लागले. "आमचा श्रीकांत महातापट! असा राग गिळणारा व्याही कुठे मिळणार? मुलगी बघायचीसुद्धा नाही. पसंत!"

सौ.ने ट्रंक उचलून माळ्यावर टाकली. रंभाबाईंनी पेढे वाटले. विमल तेवढी दिसली नाही.

संध्याकाळी जोडे सापडले. ज्वारीच्या कोठीत! उंदरांनी नेले म्हणावं तर उंदीर बैलाएवढे हवेत.

२ डिसेंबर, रविवार

सकाळी विमल समोर येऊन उभी राहिली. माझी टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबून धरली आणि म्हणाली, "काढायची नाही. ऐकायचं, आणि बोलायचंसुद्धा. चहात मीठ मी टाकलं होतं. चष्मा मी लपवला, जोडेही मीच. मला आत्ता लग्न करायचं नाही बाबा, मास्तरीण व्हायचंय. पण तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. तुमच्या रागाने स्थळं मोडायची, मला काही बोलावं लागायचं नाही. आता तुम्ही ओरडतच नाही, मग मी करू काय?"

राग नव्हता. एकोणीस वर्षांची पोर माझ्या रागामागे लपून बसली होती आणि मला पत्ता नव्हता!

म्हटलं, "शालिग्रामरावांना कार्ड मीच लिहितो. पण या दोरा बांधलेल्या काडीने धड दिसत नाही गं."

ती आत गेली आणि माझा चष्मा घेऊन आली.