वेवजीच्या फोटोची प्रत

अहो,

चौतीस वर्षांच्या संसारात मी तुमच्यावर कधी आवाज चढवला नाही. चढवायची वेळ आली की तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून निघून जायचात. आता कुठे जाल? काल मी वेवजीहून परत आले ती संतापूनच. हा राग दुसऱ्या कुणावर काढला तर त्याच्यावर अन्याय होईल. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील. त्यानिमित्त तुमच्या फोटो क्लबवाल्यांना प्रदर्शन भरवायचं आहे, इथेच डहाणूत, वाचनालयाच्या हॉलमध्ये. मागच्या आठवड्यात क्लबचे राऊतभाऊजी आले आणि आम्ही तुमची पत्र्याची ट्रंक उघडली.

"वहिनी, अहो हा खजिना आहे खजिना!"

खोटं कशाला बोलू, माझाही ऊर भरून आला. जन्मभर स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीमागे बसलेल्या तुम्ही, आपला जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी रिटायर झाल्यावर, माणसं किती निवांत बघितलीत! आगरची बोंबील वाळत घालणारी ती बाई, वाढवणचा जाळं विणणारा म्हातारा. आणि वेवजीचे ते नवशाबाबा! दारात बसून नातीची तुटलेली चप्पल शिवताहेत, बाजूने उजेड आलाय, हातावरची शीर न् शीर दिसते. ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. तुमच्याकडे बघताहेत, तुम्ही काहीतरी विचारलंय आणि ते उत्तर जुळवताहेत, असे. मी किती वेळ तो फोटो धरून बसले होते.

याच फोटोला पुण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. नाव काय दिलं होतंत त्याला? 'वार्धक्य'. का हो? त्या माणसाला स्वतःचं नाव नव्हतं?

होतं की! तुम्हाला ते ठाऊकही होतं. राऊतभाऊजींनी फोटो उलटा केला तर मागे तुमच्या अक्षरात लिहिलेलं: 'नवशा, वेवजी. प्रत देणे.' दुसरा उलटला. 'प्रत देणे.' तिसरा, चौथा. सगळ्यांवर तेच! आणि सगळ्या प्रती ट्रंकेत!

मला सगळं आठवायला लागलं. वेवजीला मीही होते ना तुमच्याबरोबर. चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून उन्हात उभी. नवशाबाबांनी विचारलं होतं, "फोटू देशील ना रं?" तुम्ही म्हणालात, "पुढच्या आठवड्यात आणतो." आणि मी, तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलेली बाई, वरून म्हणाले, "देतील हो, ते विसरत नाहीत."

विसरला नव्हतातच. तेच तर जास्त लागतं! वापीच्या लॅबमधून प्रिंट आले की तुम्ही खिडकीशी धरून बघायचात आणि म्हणायचात, काळा अजून गडद हवा. पुन्हा वापी. पुन्हा ट्रंक. तुम्हाला गडद काळा हवा होता, आणि त्या माणसाला फक्त आपला चेहरा बघायचा होता.

काल सकाळी फोटो पिशवीत घातला, एसटीने तलासरी गाठली, पुढे रिक्षाने वेवजी. पाडा सापडला, घर सापडलं. नवशाबाबा नव्हते. गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांची मुलगी जानी दारात आली. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "तू चादर धरून होतीस ना? वळखलं मी तुला. बा दर बाजाराला विचारायचा, फोटूवाला आला का म्हणून. आता आणलास?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतंत?

आत भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. आधारकार्डावरून तलासरीत मोठा करून आणलेला. डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग. "ह्यो बा नाय," जानी म्हणाली, "पण दुसरा नव्हता."

मी तुमचा फोटो दिला. तिने आधी हात बघितले, मग चेहरा. मग तिचा अंगठा एकदम मागच्या अंधाराकडे सरकला.

"ही माझी आई."

दारामागचा तो अर्धा चेहरा, अहो! राऊतभाऊजी म्हणाले होते, "हा मागचा भाग खटकतो, कापून टाकू." मीही मान डोलावली होती. जानीची आई बाबांच्याही आधी गेलेली. तिचा एकही फोटो नव्हता, कुठेच. आणि एवढी वर्षं ती आपल्या पलंगाखाली ट्रंकेत पडून होती! तुम्ही तो भाग कापला नव्हतात, एवढं श्रेय देते तुम्हाला. त्याहून जास्त नाही.

जानीने आभार मानले नाहीत. मला बरंच वाटलं. चहा दिला, तो प्यायले. मी उठले तेव्हा तिने भिंतीवरचा फोटो उतरवून हार काढून घेतला होता.

आज सकाळी राऊतभाऊजींना सांगितलं, प्रदर्शन आत्ता नाही.

"वहिनी, हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात!"

"मग थांबवा. आणि त्या फोटोखाली 'वार्धक्य' नाही, नवशाबाबांचं आणि त्यांच्या बायकोचं नाव येईल. सोमी. जानीला विचारून आले आहे."

ते चिडून गेले. जाऊ देत. उद्या मी आगरला, त्या बोंबीलवालीकडे निघाले आहे.

ऐका, शब्द देते. ज्याचा फोटो आहे, त्याच्या हातात पडल्याशिवाय तुमचं एकही चित्र कुठल्या भिंतीवर लागणार नाही. दारोदार मी जाईन. जिथे लोक बोलतील तिथे तुमच्या वाटचंही मी ऐकून घेईन. पण तुमची बाजू मात्र घेणार नाही.

तुमचीच,
निर्मला