दोन केसपेपर, एक बाई

सर,

कॉलेजात तुमच्या नावानं व्याख्यान सुरू करायचं ठरलंय आणि पहिल्या वर्षी तुमच्या संशोधनावर मीच बोलावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. ग्रंथपालानं तुमच्या पेपरांची यादी काढून दिली, कुठल्या पेपरचा आधार किती जणांनी घेतला त्यासकट. सगळ्यांत वर मशेरीचाच पेपर. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या गालातला पांढरा डाग सहसा बिघडत नाही, नुसती नजर ठेवली तरी चालतं, हे तुमचं म्हणणं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे ना कुठे कुणीतरी ते उतरवून घेतंच आहे. यादी बघून विभागातली पोरं खूश झाली. माझं डोकं फिरलं.

तो पेपर छापून येऊन थोडेच दिवस झाले होते. मी तुमच्या हाताखाली शिकत होते, रजिस्टरमधून बायकांची नावं काढून यादी मीच केली होती. एक दिवस कुंभारी गावची, विड्या वळणारी एक बाई लॅबच्या खिडकीशी येऊन उभी राहते. गालाचं ऑपरेशन झालेलं, बोलताना तोंड एका बाजूला ओढलं जातंय. हातात दोन केसपेपर. हा दुसरा कुणाचा, मी विचारते. "दोनी माजंच हायती की, म्याडम. पयल्यांदा दुखण्यापायी म्हायेरी गेलते, माळशिरसला. भावानं आणलं हितं, त्यानं आमच्या बापाचं नाव लावलं. मागनं मालकानं आणलं, त्येंनी सोताचं लावलं." मी आत जाऊन दोन्ही स्लाइड काढल्या. पहिलीत नुसता डाग, दुसरीत कॅन्सर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन्ही वेळा डावा गाल, जागा तीच. आपल्या पेपरात मात्र त्या दोन बायका होत्या, एक ठणठणीत आणि एक आजारी. डाग बिघडला होता आणि आपण तो न बिघडलेल्यांत मोजला होता.

मी मोहोळकडची. आमच्याकडे बाई आजारी पडली की माहेरी नेतात, माझ्या आईचेही दोन नावांचे केसपेपर घरात होते. तुम्ही बाहेरून आलेले, तुम्हाला हे कुठून कळणार? आणि कळत असून यादी करताना माझ्याही लक्षात आलं नाही. त्या चुकीचा राग मी तुमच्यावर काढत नाही. राग पुढचा आहे. मी धावत तुमच्या खोलीत आले. अशा आणखी किती असतील सर, सगळे केसपेपर पुन्हा ताडून बघू या, असं म्हणाले. तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळेसुद्धा उचलले नाहीत. "खिडकीत येऊन एक बाई काही सांगते आणि तू ऐकतेस? छापून आलंय ते. आधी स्वतःचं काहीतरी छाप, मग माझ्या चुका काढ." एका स्लाइडचं लेबल पुसट झालं म्हणून सगळ्यांसमोर माझा अख्खा ट्रे परत पाठवणारा माणूस त्या दिवशी कुठे गेला होता? मला तुमचा इतका अभिमान होता सर, की त्या दिवशी मला रडूही आलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एका बाईचा ऑपरेशनमध्ये काढलेला अर्धा जबडा तपासायला आला. आधी दातांच्या डॉक्टरांनी तिचा डाग बघून तिला घरी पाठवून दिलं होतं. मी त्यांना फोन करून चांगलंच झापलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या सरांच्याच पेपरात आहे की तसं." मी फोन ठेवून दिला. तुम्ही मेलात, सुटलात. तो पेपर सुटलेला नाही, अजून बायकांना घरी पाठवतोय. तुमचा फोटो भिंतीवर आहे, त्याला हार घालतात, आणि त्याखालून जाताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

व्याख्यानात हे सगळं सांगायचं, तो पेपर छापणाऱ्या मासिकालाही कळवायचं, असं ठरवलंय. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथे लिहिते. तुमच्या त्या पेपरचा आधार सगळ्यांत आधी घेतला तो मी. ती बाई येऊन गेल्यानंतर. नोकरीसाठी एक पेपर हवा होता, तुमचा दाखला दिला की तो छापून येणार हे माहीत होतं, आणि आलाही. भाषणात बाकीचं सगळं लिहून झालंय. हे वाक्य तेवढं अजून घातलेलं नाही.