उंदीर चावला, एवढंच

प्रिय पूर्णिमा,

परवा साखरपुड्याची साडी पसंत करायला आलीस, तेव्हा आईच्या हाताची पट्टी बघून तू चौकशी केलीस. उंदीर चावला, असं आई म्हणाली आणि दादाने लगेच तुझ्यापुढे बाकरवडीची बशी सरकवली. तुझ्या घरात पालसुद्धा टिकत नाही, म्हणून आमच्या लढाईची हकिगत जरा सविस्तर सांगते. ईमेल केला असता, पण माझा पासवर्ड दादानेच ठरवून दिलाय आणि फोन हॉलमध्ये आहे. तेव्हा आपला कागदच बरा.

मार्केट यार्डाला लागून राहायचं म्हणजे उंदीर हे शेजारीच. बाबा होते तेव्हा पिंजऱ्यात पोळीचा तुकडा अडकवायचे आणि सापडलेला उंदीर लूनावरून कालव्यापलीकडे सोडून यायचे. तो बहुधा त्यांच्याआधी घरी पोचत असेल. आई त्यांना हसायची, पण पिंजरा धुऊन ठेवायची.

दादाचं सगळं शास्त्रशुद्ध. हिंजवडीच्या कंपनीत तो प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो आणि घरी आला की झुरळं. गॅसखाली बोरिक पावडर नि साखर घातलेल्या कणकेच्या गोळ्या ठेवल्या, दिवाणाच्या फळ्या सुट्या करून ढेकणांवर उकळतं पाणी ओतलं. घर स्वच्छ झालं, हे मान्य. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पिंजरा आधी नुसता उघडा ठेवायचा, त्याला खाऊ द्यायचं, भीड चेपू द्यायची, हेही त्यालाच ठाऊक. पहिला उंदीर सापडला तेव्हा मी लूनाची किल्ली घेऊन उभी होते. दादाने पिंजरा मोरीत ठेवला आणि त्यावर उकळतं पाणी ओतलं, थोडं थोडं करत. उंदीर जाळी दातांत धरून किंचाळत होता आणि दादा वाकून बघत होता. मला ओकारी आली. काय नाटकं करतेस, असं म्हणून तो जेवायला बसला.

मग त्याने ते गोंद लावलेले पुठ्ठे आणले. फ्रीजमागे एक उंदीर चिकटला. सुटायच्या धडपडीत त्याचं अर्धं कातडं सोलून निघालं होतं, तरी जीव जात नव्हता. खायच्या तेलाने तो गोंद सुटतो, हे आईने कुठंतरी ऐकलं होतं. ती बाल्कनीत बसून चमच्याने तेल सोडत त्याचा एकेक पाय मोकळा करू लागली. तेवढ्यात दादा आंघोळ करून आला. ओरडला नाही. तो ओरडत नाहीच, तुला तेच तर आवडतं. त्याने आईचं मनगट धरलं, तिचा पंजा उंदराशेजारी त्या पुठ्ठ्यावर दाबला आणि वर गुडघा रोवला. उंदीर तिच्या बोटांना कडकडून चावत राहिला. मी लाटण्याने दादाच्या पाठीत मारत होते, पूर्णिमा, होता नव्हता तेवढा जोर लावून. आणि तो आईला समजावून सांगत होता, की घरात एक पद्धत ठरली की ती सगळ्यांनी पाळायची. उंदीर निपचित पडला तेव्हा तो उठला.

नंतर त्यानेच तेल लावून तिचा हात सोडवला. सालटं निघाली. रिक्षा आणली, तिला इंजेक्शनं देऊन आणलं, डॉक्टरांसमोर डोळे पुसले. संध्याकाळी आईसाठी गजरा घेऊन आला. रडणं खोटं नसावं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आपण दोघी एका घरात राहायचं, हा कॉलेजपासूनचा बेत. तुला वहिनी म्हणायची मला केवढी हौस होती! पण रविवारी साखरपुड्याला तू येऊ नकोस. काहीही कारण सांग, पत्रिकेवर ढकल, माझ्यावर ढकल, पण नाही म्हण. आमची काळजी करू नकोस, आम्ही उद्याच मुक्ताई मावशीकडे निघतोय. आणि मी भावाचा सूड घेतेय असं मनातही आणू नकोस. आई माझ्या शेजारी बसलीय, ओळ न् ओळ वाचून घेतेय. कागदही तिनेच आणून दिला. तिची बोटं अजून मिटत नाहीत, नाहीतर हे पत्र तुला तिच्याच अक्षरात आलं असतं.

तुझीच,
राजनंदिनी