ताईचं लांब वाक्य

सोमवार, ८ जुलै
पुन्हा कोसळलं! ताईने टाइप केलं, "पंखा बंद कर" – संगणकाने ते बोलून दाखवलं. मग दोन-तीन ओळी टाइप केल्या, आणि निम्म्यावर नुसती खरखर. प्रोग्रॅम बंद, लिहिलेलं गेलं. काय म्हणायचं होतं विचारलं, तर हाताने "राहू दे".
घशाच्या ऑपरेशननंतर हाच तिचा आवाज. तिच्याच जुन्या टेपांवरून बनवलेला, ती शाळेत शिकवायची तेव्हाच्या. आवाज वाजवणारा भाग माझा, सी भाषेत. पडद्याचा भाग तिच्या मुलाचा, पायथनमध्ये.

मंगळवार, ९
भाचा म्हणतो, "मावशी, पायथन आपली मेमरी आपणच आवरतं. तुझ्या सीमध्येच घाण असणार."
घाण! उभा जन्म सी लिहिण्यात गेला. घेतलेली मेमरी वेळेवर परत करणं – मला शिकवतोय!

बुधवार, १०
दिवस पाण्यात. शेवटी मेमरी परत करायची माझी ओळच काढून टाकली. तरी खरखर! म्हणजे मी नाहीच. मग कोण?
ताई हल्ली "हो", "नको" यापलीकडे जात नाही. वर्ग दणाणून सोडणारी बाई! आमच्या भांडणात तिची वाचा दुसऱ्यांदा गेली.

गुरुवार, ११
सापडलं! आमच्या कॉन्व्हेंट शाळेत घंटा झाली की ग्रंथालयातल्या सिस्टर हातातलं पुस्तक काढून घ्यायच्या. शेवटचं पान राहिलंय? राहू दे. पायथन तेच करतं. आवाज माझ्या हवाली केला की त्याच्या लेखी काम संपलं – ती मेमरी लगेच मोकळी. माझं सी अजून तिथूनच वाजवतंय! छोटं वाक्य तेवढ्यात निसटतं, लांब सापडतं. आता वाजून होईपर्यंत पायथननेही धरून ठेवायचं.
भाचा म्हणे, "चूक दोघांची." काय हे औदार्य!

शुक्रवार, १२
ताईला म्हटलं, आता हवं तेवढं लांब बोल. तिने बराच वेळ टाइप केलं. मग तो चाळिशीतला खणखणीत आवाज –
"चिमे, सोमवारी हेच सांगत होते, तर या प्रोग्रॅमनेच तोंड मिटलं, आणि मग मला धीर झाला नाही, हा आवाज ऐकला की ती जुनी मी समोर येऊन बसते आणि माझ्याने बोलवत नाही, म्हणून तिला आता जाऊ द्या, मला एखादा साधा, यंत्राचा आवाज द्या."
शेवटपर्यंत स्वच्छ. एक अक्षर तुटलं नाही.