धुतलेली नळी

२३ नोव्हेंबर २०२३
सिंदेवाहीकडून

भाऊ पोचूले तुह्या बाईचा जोहार.

आम्ही सारे बरे आहो, असं लिवाची रीत आहे म्हणून लिवलं. तुहा फोन बंद आहे. तू आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाले जाते हे गावातल्या झाडूभाऊनं सांगतलं, म्हणून त्याच्याच हाती चिठ्ठी धाडून राह्यली. माहं शिक्षण चौथी. अक्षर लागलं नाई तं दोनदा वाच, पण दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको.

धान कापून झाला. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. दिव्याचा ताप उतरला. मामा ओवाळून न घेताच काऊन गेला, म्हणून विचारते.

बंदुकीची नळी खराब झाली. तू संडास धुवाचं औषध ओतलं ना तिच्यात, त्यानं आतून लोखंड खाल्लं. माहा सासरा तीच नळी कढत पाण्यानं धुवे, काडीले चिंधी गुंडाळून पुसे, नि वरून मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल लावे. निघन तेवढी काजळी निघे, उरन तेवढी राहे. तुले चकाचक पाह्यजे होती. मोरीत बसून घासत होता, वासानं माहे डोळे झोंबले. मी म्हटलं, काऊन रे, एवढं काय? तू म्हणला, "बाई, डुक्कर होतं, हुकलं. भाटव्याची बंदूक काळी करून कशी देऊ?" मले बरं वाटलं. पोराले अक्कल आली म्हटलं. सकाळी उठून पाहते तं तू पहिल्या गाडीनं गेला. भाऊबीजेचं ताट मांडलेलं तसंच.

इसरूचा पाय कापला. चंद्रपूरच्या दवाखान्यात. गुडघ्याच्या वरून.

त्याचं वावर आपल्या वावराले लागूनच, तो तिथं बांधाच्या धुऱ्यावर राखण करत होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, दिवस बुडता बुडता छर्रे लागले.

ठाण्याचे लोकं आले. गावातल्या परवान्याच्या साऱ्या बंदुका चावडीवर मांडल्या. साऱ्यांच्या नळ्या आतून काळ्याभोर. धान पिकला की डुकरं हाकलाले सारेच बार काढते, काळ्या नळीले कोण विचारते? आपली एकटीच आतून पांढरी, तिच्यावर जंग चढलेला, नि संडासाचा वास. साहेबानं नाकाजवळ नेली नि हासला. "हिलाच का आंघोळ घातली?" म्हणे. तू काळी ठेवली असती तं आपल्याकडं कोणी बोट दाखवलं नसतं, गाढवा.

तुहा भाटवा, माहा मालक, पुढं झाला. म्हणे, बार मी काढला. त्या वक्ती तो गोठ्यात गाईपाशी होता, हे मले माहीत आहे. घेऊन गेले त्याले.

भेटाले गेली तं मले म्हणते, "तुह्या माहेरचा तो एकच उरला. त्याले कुठी धाडू?" मी म्हटलं, "माहं माहेर सांभाळाले तुम्ही कोण? घरी धान पडला आहे, झोडन कोण?" तं हासते. अंगाची आग झाली माह्या.

मंग बोअरिंगवर रीना भेटली, इसरूची बायको. मी मान खाली घालून पाण्याचा गुंड भरत होती.

"रुखमाबाई," ती म्हणे, "इसरू म्हणते, हा बार डोमाभाऊचा नोहे. डोमाभाऊ पहिले हाळी देते. कोण आहे धुऱ्यावर, म्हणून इचारते. कोणी ओ नाई देलं, तवाच चाप ओढते. त्या दिवशी हाळी आलीच नाई."

मी बोअरिंगचा दांडा हाणत राह्यली.

"ठाण्यात बी सांगतलं आम्ही. पण कबूल करणारा कबूल करून राह्यला, तं ते कायले आयकते? तुह्या घरी पाहुणा होता ना?"

मी गुंड अर्धाच उचलून आली.

हाळी द्याची तुले माहीत नव्हती असं नाई. तुले मिशी फुटाच्या आधी तुह्या भाटव्यानंच शिकवली. नि हुकलेल्या डुकरासाठी कोणी नळी धुते का, पोचू? इसरू बोंबलला ते तू आयकलं. त्याले उचलाचं सोडून घरी आला नि माह्याजवळ औषधाची बाटली मागितली. नळीले बादलीभर पाणी घातलं. त्यातलं तांब्याभर इसरूच्या तोंडाले लावलं असतं तं मी आज ही चिठ्ठी वेगळी लिवली असती.

येत्या मंगळवारी तुह्या भाटव्याले कोर्टात उभं करते. त्याच्या आधी ये. मी गाडीच्या थांब्यावर उभी राहीन. हात धरून ठाण्यात नेईन, बाहेर बसून राहीन, डबा आणून देईन. नाई आला तं एकटी जाईन नि तुहं नाव घेईन. तुहा भाटवा माह्यावर रागावन. रागावू दे.

बाटलीत अर्धं उरलं आहे. मी तिले हात लावत नाई. संडास राखेनं घासते.

डोमाची बायको,
रुखमा