काज डावीकडे, बटण उजवीकडे

४ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हो हो करत होते. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं शेजारणीला ऐकू येतं. तिने सांगितलं की नातीला सुट्टीत काम मिळालं. कसलं ते तिलाही धड कळलं नाही, बरंच झालं, नाहीतर एव्हाना गल्लीच्या टोकाला पोचलं असतं. मग तुझं पत्र आलं ते दोनदा वाचलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. एकदा वाचून अक्षरं लागतात, दुसऱ्यांदा वाचून मजकूर लागतो.

तर तुझ्यासारख्या पोरापोरींसाठी केंद्र आहे, तिथे सुट्टीचे दोन महिने तुम्हालाच कामाला घेतात आणि काम शिकवतात. फार झ्याक झालं! तुम्ही इंटर्नशिप म्हणता, आमच्या दुकानात उमेदवारी म्हणायचे. मीही उमेदवारी केलेली आहे बरं का. तुझ्याहून लहान होते. पहिले कितीतरी दिवस मास्तरने मला दोराच दिला नाही. रेघा मारलेला कागद दिला आणि त्यावर बिनदोऱ्याची शिलाई मारायला लावली. सुईची भोकं रेघेवरून ढळली की कागद परत. मी घरी येऊन रडायचे की शिवणकाम शिकायला गेले आणि चाळण्या बनवून आले.

मास्तर म्हणजे बाई होती, हे तुला कधी सांगितलं नाही का? हिवाळ्यात तू मला सांगितलंस की तुला मुलीच आवडतात, तेव्हा मी म्हटलं होतं की थांब, मला एक गोष्ट आठवली. तेवढ्यात दूधवाला आला आणि गोष्ट राहिली. तर ऐक. दुकानाची मालकीण, कापडाला कात्री लावणारी, ती मास्तर. केस आखूड, अंगात पांढरा शर्ट, कानावर खडू. सगळं गाव तिला मास्तरच म्हणायचं. आणि दुकानात दुसरी होती ती काजवाली. बटणाची भोकं, म्हणजे काजं, तीच करायची. अशी काजं मी पुन्हा पाहिली नाहीत, मुंगीच्या पावलाएवढा एकेक टाका. दोघी दुकानाच्या माडीवर राहायच्या, एक चूल, एक दिवा, भांडणंसुद्धा एकच, की खिडकी उघडी ठेवायची का बंद. लोक पाठीमागे बोलायचे आणि समोरून कपडे शिवायला टाकायचे. कारण तसा हात दुसरीकडे नव्हता.

मास्तरच्या शर्टाला पुरुषी पट्टी असायची. काज डावीकडे, बटण उजवीकडे. बायकांचं उलटं असतं. तर आता मुद्द्यावर येते, नाहीतर शाई संपेल. तुला केंद्रात घालायला शर्ट शिवणार आहे. मापं पाठव, आणि बटण कुठल्या बाजूला हवं तेही कळव. लाजू नकोस. शिंप्याला विचारावंच लागतं.

बाबाला सांगितलंस का? घाई नाही. नुसतं विचारते.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.
तुझी आजी


११ एप्रिल

ती. आजीस भिंगरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि चाळण्यांपाशी इतकी हसले की शेजारच्या माणसाने जागा बदलली.

मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. बाही जरा लांब ठेव. आणि बटण उजवीकडे, मास्तरसारखं. आजी, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दुकानात मी मुलांच्या बाजूला गेले की तिथला माणूस हात धरून पलीकडे नेतो.

केंद्र म्हणजे जुनं दुमजली घर आहे. खाली वाचनालय आणि स्वयंपाकघर, वर एक फोनची खोली, अडचणीत असलेली मुलं तिथे फोन करतात. आम्ही उमेदवार मिळून ही कामं वाटून घ्यायची. मला कपड्यांची खोली मिळाली. लोक चांगले कपडे देतात, आणि ज्यांना घरी मनासारखं घालू देत नाहीत किंवा ज्यांना घरच राहिलं नाही अशी मुलं येऊन निवडून नेतात. नोकरीच्या मुलाखतीआधी तर रांग लागते. अडचण एवढीच की काहीच कोणाला मापात बसत नाही. कोपऱ्यात पायमशीन आहे, पण त्यावर सगळ्यांनी मिळून कुंडी ठेवली आहे. केंद्र चालवणाऱ्या ताईंना मी म्हटलं की मशीन मी चालवीन, तर त्यांनी आधी कुंडी उचलली आणि मग मला जवळजवळ.

बाबांना एवढंच सांगितलंय की तरुण मुलांचं केंद्र आहे आणि तिथे शिवणकाम आहे. ते खूश झाले, म्हणाले की आजीचा हात आला म्हणायचा. पुढचं सांगितलं नाही. आजी, शेवटच्या दिवशी मोठा कार्यक्रम असतो. प्रत्येक उमेदवाराने घरचं एक माणूस आणायचं. मला बाबाच हवेत. पण आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते चिडले तर सोसेन, ते गप्प झाले तर काय करू? त्यांचं गप्प बसणं तुला माहीत आहे.

मशीन फिरतंय पण टाका धरत नाही. उपाय सांग.

माया आहे तशीच राहो, बाही मात्र लांबच हवी.
तुझी भिंगरी


२२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मशीनचं आधी. बॉबिन काढ, खाली बघ, जुन्या दोऱ्याचा गुंता असणार. काढून टाक, तेल दे, आणि मग बराच वेळ रिकामं चालव. इतके दिवस कुंडी डोक्यावर घेऊन बसलेल्याला एकदम कामाला लावू नये. सुई नवी घाल.

शर्ट आजच टपालात टाकला. पांढरा आहे, दाब भरपूर सोडलाय, म्हणजे शिलाईच्या आत कापड जास्त ठेवलंय, उद्या अंग भरलं तर उसवून मोठा करता येईल. मास्तर म्हणायची की वाढत्या माणसाला घट्ट शिवणारा शिंपी नव्हे, वैरी. इस्त्री केलेली नाही. ती बाबाकडून करून घे, नेहमीसारखी.

तुला हसू येत असेल की आपल्या घरात असं का. मी शिवायचं आणि तुझ्या बाबाने शेवटची इस्त्री करायची, तो एवढासा होता तेव्हापासून. शाळा सुटली की दुकानातल्या टेबलाखाली येऊन बसायचा, चिंध्यांची घरं बांधायचा. मास्तरनेच त्याला इस्त्री धरायला शिकवली. कॉलर टोकाकडून आत, पट्टी खालून वर. काजवाली त्याला मांडीवर घेऊन बटणं मोजायला लावायची. आकडे तो तिथेच शिकला, शाळेत नुसती हजेरी लावली.

मग काजवाली गेली. थंडीचे दिवस होते. लोक दुकानाच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. दुःख कोणाचं, सांत्वन कोणाचं करायचं, हेच त्यांना ठरवता येईना. नवरा असता तर त्याच्याकडे गेले असते, बहीण असती तर तिच्याकडे. मास्तर तिची कोण लागते याला कोणाकडे शब्दच नव्हता. मी तुझ्या बाबाचा हात धरून माडीवर गेले. मास्तर खिडकीशी बसली होती, खिडकी उघडी. काजवालीलाच ती उघडी लागायची. मी आत येऊन उभीच राहिले. तुझा बाबा मात्र सरळ जाऊन तिच्याजवळ बसला. त्यानंतर मास्तरने दुकानातली काजं दुसऱ्या बाईला दिली, पण स्वतःच्या शर्टाची कोणाला करू दिली नाहीत. स्वतःच करायची. वाकडी यायची. तशीच घालायची.

बघ, शर्टावरून कुठे गेले. बाबा गप्प बसेल म्हणून भिऊ नकोस. तो जन्मतः बोलत आला होता, नंतर त्याचं बोलायचं सामान संपलं.

लोभाला दाब सोडलेला आहे, हवा तेवढा वाढवून घ्यावा.
तुझी आजी


३ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, तू काय केलंस!

शर्ट आला. रविवारी बाबांनी नेहमीसारखी इस्त्री तापवली, शीळ घालत होते. कॉलर झाली, बाह्या झाल्या, आणि पट्टीवर हात थांबला. शर्ट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग मला विचारलं की आजीचे डोळे गेले का, तिने बटणं चुकून पुरुषी बाजूला लावली.

आजी, मी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. त्यांनीच उत्तर हातात दिलं होतं. पण तुझ्यावर आळ घ्यायचा आणि तो शर्ट घालून केंद्रात जायचं, हे मला जमेना. मी सांगितलं की आजीचं चुकलं नाही, मीच मागितली तशी. आणि मग तोंड उघडलंच होतं, तर सगळंच सांगितलं. मला मुली आवडतात, केंद्र कोणाचं आहे, शेवटच्या दिवशी तुम्ही यावं असं मला वाटतं. एका दमात. माझे पाय मशीनवर असल्यासारखे हलत होते.

त्यांनी इस्त्री पूर्ण केली, पट्टी खालून वर. शर्ट हँगरला लावून माझ्या दाराच्या कडीला अडकवला आणि चपला घालून बाहेर गेले. तेव्हापासून घरात मीठ दे आणि दार लाव, एवढंच बोलणं आहे. डबा मात्र रोज भरून देतात. मी त्याचा अर्थ लावत बसते आणि डबा गार होतो.

केंद्रात मात्र मशीन सुटलं! तू म्हणालीस त्या गुंत्यातून चिमटाभर लाल दोरा निघाला. पहिली आली ती एक उंच मुलगी, घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली. उद्या मुलाखत, आणि एकही स्कर्ट कमरेला बसेना. मी तिचा स्कर्ट आवळून दिला. आरशासमोर ती इतका वेळ उभी राहिली की ताईंनी खोलीबाहेरची रांग दुसरीकडे वळवली.

तो शर्ट मी अजून घातलेला नाही. कडीलाच आहे.

तुझी,
भिंगरी


९ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद, कान पिळून. वि. वि.

वाचता वाचता कपाळावर हात मारला. अगं, खरंच लक्षात आलं नाही! माझं शिवणं झालं की त्याची इस्त्री, हे इतकं अंगवळणी पडलंय की शिंप्याच्या दुकानात वाढलेल्याच्या हातात ती पट्टी जाणार, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर त्याला दिसलंही नसतं. शेजारणीच्या नवऱ्याने आयुष्यभर बटणं लावली, पण कुठल्या हाताने लावतो ते विचारलंस तर बायकोला हाक मारेल.

पण एक सांगते. आजीचे डोळे गेले असं म्हणून सुटली असतीस ना, तर मी रुसले असते. मी पट्टी चुकेन? माझी लाज राखलीस.

तुझ्या बाबालाही पत्र टाकलंय. त्यात तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. त्याला एवढंच विचारलंय की मास्तरची माडी आठवते का. तू डबा गरम असताना खात जा. माझ्या पोराला बोलता येत नाही तेव्हा तो भाजी जास्त घालतो. तुझी आई आजारी होती तेव्हाचं आठव.

शर्ट कडीला लटकवून ठेवायला शिवलेला नाही. घाल.

लोभ आहे, आणि डोळेही आहेत.
तुझी आजी


१६ जून

ती. आईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावू नये.

माडी आठवते. तू मला दारातून आत नेलंस तेही आठवतं. एक गोष्ट तुला माहीत नसेल. मी लहान असताना मास्तरचा शर्ट पाहून काजवालीला विचारलं होतं की बटणं चुकीच्या बाजूला का. ती म्हणाली होती की बाजू चूक का बरोबर ते शिवणाऱ्याने ठरवायचं नसतं, घालणाऱ्याला विचारायचं. त्या रविवारी इस्त्री हातात असताना तेच डोक्यात आलं, आणि मग हेही की एकाच घरात राहून मी पोरीला कधी विचारलं नाही. त्याची लाज वाटली म्हणून बाहेर गेलो. परत आल्यावर काय बोलावं ते सुचेना, आणि जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं. तिला वाटलं मी रागावलो. मला ते दिसत होतं, तरी जीभ हलेना. भाजी करत राहिलो.

भीती वाटते, ते खोटं कशाला सांगू. मास्तरच्या दारापर्यंत येऊन परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. हिच्या दारातून कोण कोण परत जाईल, हा विचार काही सुटत नाही. पण निदान त्यांच्यात मी नको, एवढं ठरलं.

काल तिच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. सकाळी चहा घेताना मी तिला विचारलं की कितीला निघायचं. तिने कप खाली ठेवला तो बशीबाहेर. मग ती तो शर्ट घालून आली. चांगला बसलाय. बाही जरा लांब आहे.

तिथे प्रत्येक पोराबरोबर घरचं कोणी ना कोणी असावं अशी सोय होती, पण बरीच पोरं एकटी होती. भिंगरीने मला तिची कपड्यांची खोली दाखवली. हँगरवर सगळं तिने नीट शिवून लावलेलं, आणि सगळं चुरगळलेलं! आई, इस्त्रीच नाही तिथे. मी ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या की करायला कोणी नसतं. मी घरी जाऊन आपली इस्त्री घेऊन आलो. कार्यक्रम संपेपर्यंत मी आतच होतो, भाषणं ऐकायची राहिली. पोरं एकेक करून कपडे घेऊन येत होती आणि बाबा, बाबा करत होती. कॉलर टोकाकडून आत, ते दोघांना शिकवलंही. यापुढे रविवारी जायचं ठरलंय. भिंगरीलाही त्यांनी मशीनवर कायम ठेवून घेतलंय, कॉलेज सांभाळून.

जाता जाता, तुझे डोळे तपासून घे. तिसरं काज वर गेलंय.

लोभ असू द्यावा, माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा बेताची ठेवावी.
तुझा मुलगा


२१ जून

चि. मुलास आणि चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेजारणीला मोठ्याने वाचायला लावलं. मला येत नव्हतं म्हणून नव्हे, तिच्या नवऱ्यालाही ऐकू जावं म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं तर पोचू दे. आता मलाच पोचवायचंय.

डोळ्यांना काही झालेलं नाही. काज मला जन्मात सरळ आलं नाही, उगाच तपासायला सांगू नकोस. दुकानात मला ते कधी करूच दिलं नाही. काजवाली होती ना. हे काज करताना तिचीच आठवण होत होती, ती जीभ दाताखाली धरून कशी टाका ओढायची, आणि मास्तर कापता कापता मधेच मान वर करून तिच्याकडे कशी बघायची. तेवढ्यात माझा टाका वर गेला. उसवून पुन्हा करणार होते, मग म्हटलं राहू दे.

आता भिंगरीने काजं शिकावीत. कागदावर आधी, दोऱ्याशिवाय. आणि पोरा, तुझी छाती-कंबर मोजून पाठव. पोटाचं माप खरं लिही. तुला रविवारचा शर्ट शिवते, केंद्रात घालायला. दाब सोडीनच.

तुझ्या शर्टाला बटण कुठल्या बाजूला हवं तेही कळव. घालणाऱ्याला विचारायचं असतं.

लोभ माझा दोघांवर सारखाच, पण भिंगरीवर जरा जास्त.
आजी, आणि तुझी आई