लाल शाईवाचून राहिलेलं अक्षर

सर, परवा नात मला साउथहॅम्प्टनला घेऊन गेली. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या घरात दिवसभर खिडकीशी बसून मी तुम्ही शिकवलेल्या कविता पुटपुटत असतो, त्याला ती कंटाळली असावी. तिथल्या एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं मांडली होती. काचेखाली एक लॅटिन प्रवचन होतं, छपाई नवी नवी होती तेव्हाचं, एका ख्रिस्ती हुतात्म्याच्या गौरवाचं. मजकुराच्या सुरुवातीलाच एक मोठा चौकोन कोरा. "आजोबा, हे पान खराब झालंय?" नातीनं विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा पहिलं अक्षर छापत नसत, जागा सोडत; मग कुणीतरी ते लाल शाईनं हातानं काढी. कुठलं अक्षर ते कळावं म्हणून चौकोनात मुंगीएवढं छापून ठेवत. या प्रतीसाठी तो लाल शाईवाला आलाच नाही.

मला आपल्या शाळेचं हस्तलिखित आठवलं. कविता आम्ही उतरवायच्या, पहिल्या अक्षराची जागा सोडायची. तिथे तुम्ही पेन्सिलीनं पुसट खूण करायचात आणि शेवटी बोरू घेऊन बसायचात. लाल बोटं दाखवून म्हणायचात, "खून करून आलोय रे, कुणाला सांगू नका." एका वर्षी मी तुम्हाला एक कविता देतो. तुम्ही ती उभ्यानंच दोनदा वाचता, चष्मा काढता. "ऱ्हस्वदीर्घाचा तू वैरी. पण ही तुझीच ना?" "हो सर, माझीच." "मग पहिलं पान तुझं."

पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात. निरोप आला, हस्तलिखित घेऊन घरी ये, अक्षरं राहिलीत. मी तीनदा तुमच्या गल्लीत आलो, सर. एकदा तर दारापर्यंत. आतून तुमचा खोकला ऐकू आला आणि परत फिरलो. तुम्ही पुन्हा विचाराल, याची भीती. मग एके दिवशी शाळा लवकर सुटली, तुम्ही गेलात म्हणून.

ती कविता ताईची होती. शाळेतून काढून चुलीपाशी बसवलेल्या माझ्या ताईची, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली. हस्तलिखित मी घरी आणलं, तेव्हा तिनं पहिलं पान पाहिलं, खालचं माझं नावही पाहिलं. कोऱ्या जागेवरून बोट फिरवत एवढंच म्हणाली, "सरांनी रंगवलं असतं तर छान दिसलं असतं, नाही?" आता तीही नाही.

"त्या हुतात्म्यानं काय केलं होतं?" मी विचारलं. नातीनं बाईंना विचारून सांगितलं, "त्याला म्हणाले, एकदाच खोटं बोल आणि घरी जा. तो नाही बोलला. सो स्टबर्न, ना आजोबा?"

ते पहिलं पान मी तेव्हाच काढून ठेवलं होतं. इथवर आणलंय, तुमची पेन्सिलीची खूण आता तिरकं धरलं तरच दिसते. काल नातीनं माझ्यापुढे लाल पेन ठेवलं. "भरा ना." हात उचलला नाही. मग तिला कविता वाचून दाखवली. तिला फार आवडली. "कोणी लिहिली?" तिनं विचारलं.

शाळेतली आहे, म्हणालो. हे पत्र आता त्याच पानाखाली ठेवतोय, सर. ताईचं नाव कालही माझ्या तोंडून निघालं नाही.